दादा कुठल्या भाषेतला?

"पण तो शब्द मुळात कुणाचा?" मी विचारलं.

इद्रिसबाबा चुलीत फुंकर मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणता शब्द?"

"दादा."

"सांगा ना. तुम्ही सगळं जग फिरलात. लोक म्हणतात, तुम्हाला पुष्कळ भाषा येतात."

"येत नाहीत. कानांवरून गेल्यात."

"तेवढं पुरे."

"आधी चहा घे."

"चहा नको. उत्तर हवं."

"उत्तर अजून तयार नाही. चहा तयार आहे."

आमच्या खाडीच्या तोंडाशी खडकावर एक जुना दर्गा आहे. इद्रिसबाबा तिथे राहतात. आता फकीर आहेत. त्याआधी मोठ्या जहाजांवर स्वयंपाकी होते. गावातले सगळेच त्यांच्याकडे जातात. कुणी ताईत मागायला, कुणी भांडण सोडवून घ्यायला. ताईत ते देत नाहीत. चहा देतात.

मी भांडायला आलो होतो. कुणाशी, ते मला माहीत नव्हतं.

नुकतं उजाडलं होतं. खाडीवर धुकं होतं. दर्ग्याच्या पायऱ्यांखालचं पाणीसुद्धा दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

बाबांनी कप पुढे सरकवला.

"कशाला हवंय तुला हे?"

"हर्षालीने मला दादा म्हटलं."

"हर्षाली कोण तुझी?"

"धाकटी बहीण माझी. उद्या तिचं लग्न आहे."

"मग भावाला दादाच म्हणेल. नाहीतर काय बोटीचा तांडेल म्हणेल?"

"मी बारक्या आहे! घरात सगळे मला बारक्याच म्हणतात. तीसुद्धा. दादा आमचा..."

बाबांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. दादा बर्फाच्या कारखान्यात होता. पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून लादी ओढत होता. कुठलीतरी विजेची तार उघडी होती. मी पोचलो तेव्हा त्याचे हात गार होते. पण त्याचे हात नेहमीच गार असायचे. म्हणून मी बराच वेळ त्याला हलवत राहिलो.

बाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"लग्न त्यानेच ठरवलं होतं ना?"

"हो. नवऱ्या मुलाला सांगून ठेवलं होतं, कानाला तेल लावून तयार राहा. असा पिळीन की सात जन्म शिट्टी वाजेल."

बाबा हसले.

आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, हे सांगण्याची ती रीत. थट्टेची आहे. पण पिळतात जोरात.

"आज पहाटे हर्षाली ओट्यावर आली. म्हणाली, दादा, उद्या कान तुलाच पिळायचाय."

"मग?"

"हातातला तांब्या फेकला आणि निघालो."

"मागून हाक मारली असेल तिने."

"मारली."

"काय म्हणून?"

मी चहाकडे बघत राहिलो.

"...तेच. पुन्हा दादाच."

"वळलास?"

"नाही."

बाबांनी मान डोलावली. रागावले नाहीत. त्याचाच मला राग आला.

"बाबा, मला तिला सांगायचंय की मी दादा नाही. पण नुसतं नाही म्हटलं तर ती रडेल. तुम्ही मला त्या शब्दाचा खरा अर्थ सांगा. अगदी मुळातला. मग मी तिला दाखवतो, बघ बाई, मी यात बसत नाही."

"बरं," बाबा म्हणाले. मांडी घालून बसले. म्हातारे डोळे एकदम लहान मुलासारखे झाले. "मग शोधू या."

"शोधायचं काय? माहीत असेल तर सांगा."

"मोंबासाला माझा एकदा पोपट झाला होता."

"बाबा, मी अर्थ विचारतोय."

"तोच सांगतोय. आफ्रिकेतलं बंदर. धक्क्यावर एक हमाल होता, रेड्यासारखा. दोन-दोन पोती एकदम उचलायचा. मला वाट हवी होती. मी आदराने म्हटलं, दादा, जरा सरका. सगळा धक्का हसायला लागला."

"का?"

"त्यांच्या स्वाहिली बोलीत दादा म्हणजे बहीण."

"बहीण?"

"थोरली बहीण तर हमखास दादा."

मला हसू आलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. आलं तसं ते मी दाबून टाकलं.

"मग तो भडकला असेल."

"छे. जहाज सुटेपर्यंत मलाच दादा म्हणत होता. ए दादा, चपाती आण. ए दादा, डाळीत मीठ नाही."

"आणि तुम्ही?"

"चपाती नेऊन देत होतो."

"मग भावाला काय म्हणतात तिकडे?"

"काका."

"काय?"

"काका म्हणजे भाऊ."

"आणि काकाला?"

"बापाचा धाकटा भाऊ असेल तर धाकटा बाप म्हणतात."

"सगळं उलटंच आहे त्यांचं."

"तेही मला हेच म्हणाले."

धुक्यातून एक लांब हाक आली.

"बाबाऽऽ!"

बाबांनी बोलता बोलता मान फिरवली. "ओऽऽ!" थोड्या वेळाने पुन्हा. "ओऽऽ!" इंजिनाचा आवाज जवळ आला, पायऱ्यांपासून थोड्या अंतरावरून गेला आणि खाडीत शिरला.

ही आमच्या खाडीची जुनी रीत. तोंडाशी एका बाजूला दर्ग्याचा खडक, दुसऱ्या बाजूला गाळ. आता बोटींवर यंत्रं आहेत, पण गाळ दरवर्षी जागा बदलतो आणि यंत्राला ते कळत नाही. म्हणून धुक्यात बोटवाले हाक मारतात. दर्ग्यावर जो असेल त्याने ओ द्यायची. तो आवाज उजव्या हाताला ठेवून बोट आत येते. एकदा ओ देऊन भागत नाही. बोट पार होईपर्यंत देत राहावी लागते.

बाबा परत माझ्याकडे वळले.

"कुठे होतो आपण?"

"मोंबासाला. पण एका गावावरून काय ठरतं? आणखी कुठे ऐकलात?"

"लागोसला. तेही आफ्रिकेतच, पण पार दुसऱ्या टोकाला. तिथे योरुबा म्हणून लोक आहेत. त्यांच्यात पोर जन्मतः जटा घेऊन आलं, तर त्याला दादा म्हणतात."

"जटा? आमच्या आजीला जट आली होती. देवीची म्हणून कुणी कापू दिली नाही."

"तेही अशी सहजासहजी कापत नाहीत."

"म्हणजे तिथे कुणाही पोराला दादा नाही म्हणायचं?"

"ज्याचे केस तसे, त्यालाच."

मी नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. माझे केस सरळ आहेत.

"आणखी?"

"चहा पी आधी."

मी प्यायलो. गार झाला होता. पण आता मला ऐकायचं होतं.

"आमच्या बोटीवर एक जपानी इंजिनियर होता. त्याचं पोरगं घरी फार रडायचं. खेळणं हवं म्हणजे हवंच. दुकानाच्या दारात पाय आपटत बसायचं. बायकोचा फोन आला की हा कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, पोरगं दादा करतंय."

"म्हणजे दादागिरी?"

"नाही रे. लेकराच्या हट्टाला तिकडे दादा म्हणतात. हवं तर हवंच. नाही तर नाहीच."

बाबा माझ्या पायांकडे बघत होते.

"मी पाय आपटत नव्हतो," मी म्हणालो.

"मी कुठे काय म्हटलं?"

मी पाय पोटाशी घेतले.

"आणि फ्रान्समध्ये," बाबा म्हणाले, "लहान पोरं घोड्याला दादा म्हणतात."

"खऱ्या घोड्याला?"

"खऱ्याला, लाकडाच्याला. मार्सेलच्या बंदरात एक पोरगी बापाच्या पाठीवर बसून टाचा मारत होती. दादा, दादा! मला वाटलं, आपल्याकडचं कुणी भेटलं. धावत गेलो. जवळ जाऊन बघतो तर गोरी, निळ्या डोळ्यांची. बाप घाबरला बिचारा."

मी हसलो नाही.

भरतीच्या वेळी दादा मला पाठीवर घेऊन खाडी ओलांडायचा. मी त्याचे कान धरायचो आणि लगामासारखे ओढायचो. तो खिंकाळायचा. हे मी बाबांना सांगितलं नाही.

"म्हणजे आपल्याकडून घेतला का सगळ्यांनी?" मी विचारलं. "की आपण त्यांच्याकडून आणला?"

"कोणी कोणाचा घेतला नाही."

"असं कसं? एवढा सारखा शब्द?"

"ज्याचा त्याने आपापल्या अंगणात काढला."

"शक्यच नाही. मी आंब्याचं झाड लावलं आणि तुम्ही तिकडे मोंबासाला लावलं, तर बाठा एकाच बाजारातला असणार ना?"

"आंब्याचं तसं असतं. याचं नाही."

"मग याचं कसं असतं?"

बाबा खूश झाले. माझा राग गेला नव्हता, पण माझ्या तोंडून प्रश्न निघत होते. बहुतेक ते त्यानेच खूश झाले.

"एका बोटीवर म्हातारा डॉक्टर होता आमच्या. त्याला हाच नाद. बंदर आलं की उतरायचा आणि लेकुरवाळ्या बायकांशी गप्पा मारत बसायचा. आम्हाला वाटायचं, डॉक्टर काही खरा नाही. एकदा मी विचारलं. तो म्हणाला, इद्रिस, दात यायच्या आधी लेकरू काय बोलतं?"

"काही नाही. नुसतं बडबडतं."

"काय बडबडतं?"

"मा मा... बा बा..."

"अजून?"

"...दा दा."

"कोणत्याही देशातलं घे. तोंडाला सोपं पडतं म्हणून बोलतं. त्याला काही म्हणायचं नसतं. चमचा वाजवावा तसं तोंड वाजवतं."

"मग अर्थ?"

"अर्थ लेकराकडे नसतो."

"मग कुणाकडे असतो?"

"जवळ जे कोणी बसलेलं असतं, त्याला वाटतं, मलाच म्हणालं! तो येडा लगेच वळतो. काय रे सोन्या, म्हणतो. लेकराला गंमत वाटते. पुन्हा दा दा. हा पुन्हा वळतो. असं करता करता होतो शब्द. आता कुठे जवळ थोरली बहीण बसलेली असते, कुठे आजा, कुठे घोडा."

"सगळेच असे झाले?"

"सगळे नाही. जपान्यांचा वेगळ्या वाटेने आला असेल. जटावाल्यांचा मला माहीत नाही. डॉक्टरलाही माहीत नव्हतं. पण पुष्कळसे असे."

मी विचार करत राहिलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत शब्द फळ्यावर तयारच असायचे. ते आधी कुणाच्या तोंडात होते, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"तुझ्याजवळ कोण बसायचं?" बाबांनी विचारलं.

"कधी?"

"दात यायच्या आधी."

"दादा. आई मासळी घेऊन बाजारात जायची. बाबा आमचे तेव्हा बोटीवर असायचे, नंतर गेले. आई अजून सांगते, हा पहिल्यांदा आई नाही म्हणाला, दादा म्हणाला. तिला राग आला होता."

"आणि हर्षालीजवळ?"

"तिच्याजवळ..."

मी कप खाली ठेवला.

"तिच्या वेळी दादा मोठ्या माणसांबरोबर बोटीवर जायला लागला होता."

"मग?"

"आई बाजारात. झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची. मी झोका देत गोट्या खेळायचो."

"ती काय बोलायची?"

"दा दा करायची. दिवसभर. मी सांगायचो, दादा संध्याकाळी येईल. उगी राहा. दादा संध्याकाळी येईल."

खालचं पाणी खडकावर आपटत होतं. चुलीतली राख बसत होती.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"दादाऽऽ! ओ दादाऽऽ!"

गुजरातेतल्या काठेवाडची बोट होती. त्या बाजूचे खलाशी म्हाताऱ्या माणसाला दादा म्हणतात. त्यांच्यात दादा म्हणजे आजोबा. हे मला माहीत होतं. ते इद्रिसबाबांना हाक मारत होते. तेही मला माहीत होतं. तरी मी उभा राहिलो.

बाबांनी लोटा उचलला. तोंड भरून पाणी घेतलं. गिळलं नाही. गाल फुगवून माझ्याकडे बघत बसले.

"बाबा, बोट आलीय."

गाल तसेच.

"बाबा, ओ द्या ना!"

त्यांनी लोटा खाली ठेवला. हात मांडीवर ठेवले.

"ओ दादाऽऽ! कई बाजू?"

कोणत्या बाजूला वळायचं, विचारत होते. इंजिनाचा आवाज दर्ग्याच्या पाठीमागून येत होता. तिकडे नुसता कातळ आहे. ओहोटी लागली होती. मी बाबांचा खांदा हलवला. त्यांच्या मिशीतून थेंबभर पाणी गळलं, पण तोंड उघडलं नाही.

"दादाऽऽ!"

"दादा नाहीये!" मी ओरडलो.

माझाच आवाज धुक्यात शिरला आणि परत आला.

"दादा नाहीये इथे! कशाला ओरडताय?"

इंजिनाचा आवाज बदलला. जरा पुढे सरकला.

"हां दादा! कई बाजू?"

"कुठलीच बाजू नाही! मेला तो! बर्फाच्या कारखान्यात मेला! हात धरून हलवला तरी उठला नाही!"

"आव्या, दादा, आव्या!"

"मी बारक्या आहे! ऐकू येतंय का? बारक्या!"

त्यांना माझं एक अक्षर समजत नव्हतं. बोट मात्र वळत होती. आवाज कातळापासून दूर, पायऱ्यांच्या बाजूला येत होता. मी दादाचं नाव घेऊन ओरडलो. जयवंत, जयवंत, असं. मोठ्या भावाचं नाव आम्ही कधी तोंडाने घेत नाही. मग आईला शिव्या दिल्या, कारखान्याला दिल्या, देवाला दिल्या. दादालाही दिल्या. असा अर्ध्यावर गेला म्हणून. घसा फाटला. मी पायरीवर बसलो. तोंडावर हात ठेवला.

लगेच इंजिन मंदावलं.

काहीच ऐकू येईना.

मग कुणीतरी दुसऱ्याने हाक मारली. तरुण गळा होता. घाबरलेला होता.

"दादा?..."

मी तोंडावरचा हात काढला.

"ओ," मी म्हणालो.

ते इतकं हळू होतं की मलाही ऐकू आलं नाही. मी उठलो. पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला गेलो.

"दादाऽऽ?"

"ओऽऽ!"

"दादाऽऽ!"

"ओऽऽ! इकडे! ओऽऽ!"

इंजिन पुन्हा धडधडायला लागलं. हाक येत होती, मी ओ देत होतो. किती वेळ, ते कळलं नाही. मग धुक्यात बोटीची काळी नाळ दिसली, पुढचं टोक. त्यावर एक पोरगा वाकून उभा होता, माझ्यापेक्षा लहान. त्याने मला बघितलं. म्हातारा दिसेल असं त्याला वाटलं असणार. क्षणभर तो बुचकळ्यात पडला. मग हात वर केला आणि बोट खाडीत गेली.

लाटा पायऱ्यांवर येऊन फुटल्या. माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

धुकं विरळ व्हायला लागलं होतं. गावाच्या बाजूने मांडवातल्या बायकांचं गाणं ऐकू येत होतं. हळदीची तयारी सुरू झाली होती. ओट्यावर कोण उभं असेल, ते मला इथून दिसत नव्हतं.

मी वर आलो, चपला घातल्या. बाबा होते तिथेच, तसेच बसलेले.

निघालो. थोडा चाललो आणि थांबलो. मागे वळलो.

"बाबा, हाक तर तुम्हाला होती."

इद्रिसबाबांनी आत्ता कुठे घोट गिळला. मिशी पुसली.

"मी पाणी पीत होतो," ते म्हणाले.